आकड्यांची धास्ती आहे पण हात स्थिर आहे? मुंबईत बारीक असेंब्लीच्या कामाला कसं लागायचं

असेंब्ली लाईनवर नवीन मुलगी आली की दोन-तीन दिवस गप्प बसते आणि मग चहाच्या वेळेला हळूच विचारते, ताई इथे हिशोब किती करावा लागतो, माझं गणित कच्चं आहे. मुलं विचारत नाहीत पण त्यांच्याही मनात तेच असतं. मी स्वतः दहावीला गणितात दुसऱ्या प्रयत्नात सुटले, आणि गेली चौदा वर्षं आधी अंधेरी एमआयडीसी मग रबाळे अशी असेंब्लीतच आहे, आता नवीन लोकांना शिकवायचं काम माझ्याकडे असतं. दरवेळी तेच तेच तोंडी सांगते, म्हणून एकदा सगळं लिहून काढलं.

आधीच साफ सांगते, एकही आकडा नसलेलं बारीक काम कुठे मिळणार नाही. पण असेंब्लीतले बहुतेक आकडे दुसऱ्या कोणीतरी आधीच ठरवलेले असतात. आपल्याला ते वाचायचे असतात, जुळवायचे असतात किंवा नुसते ओळखायचे असतात. त्यातून नवीन आकडा काढायचं काम इंजिनिअरचं, प्लॅनिंगवाल्यांचं, स्टोअरवाल्यांचं. हे मला कोणी पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर सहा महिने मी घाबरत कामाला गेले नसते.

आधी बघा, नक्की कुठे अडतं

आकड्यांची भीती सगळ्यांची एकसारखी नसते. काहींना फक्त बेरीज-गुणाकार जमत नाहीत, आकडा वाचायला काही अडचण नाही, त्यांनी तर बिनधास्त यावं. काहींचे आकडे उलटसुलट होतात, ४७ चं ७४ होतं. काहींना ऐकलेला आकडा लक्षात राहत नाही, सुपरवायझर सांगून वळला की गेला. तुमचं यातलं कुठलं आहे ते ओळखून ठेवा, कारण पुढे काम निवडताना तेच लागणार आहे. आणि लहानपणापासून खूपच त्रास असेल, घड्याळ बघायला, सुट्टे मोजायलाही, तर त्याला डिसकॅल्क्युलिया म्हणतात, २०१६ च्या अपंगत्वाच्या कायद्यात शिकण्याच्या अडचणींमध्ये त्याचं नाव आहे. म्हणजे तो आळस नाही आणि मठ्ठपणाही नाही, घरचे काहीही म्हणोत.

मराठीत अजून एक घोळ आहे तो आपल्या आकड्यांच्या नावांचा. एकोणऐंशी ऐकलं की कानात ऐंशी राहतं आणि हात ८९ लिहितो. माझ्या पहिल्या कंपनीत सुपरवायझरने लांबून ओरडून लॉटचा, म्हणजे एका वेळच्या मालाचा, नंबर सांगितला, शेवट एकोणऐंशी, मी ८९ लिहिलं, अख्खा लॉट दोन दिवस अडकला आणि सगळ्यांसमोर बोलणी मला खावी लागली. तेव्हापासून मी आकडा सुटा सुटाच घेते, "सात नऊ ना सर?" असं परत बोलून खात्री करते. तुम्हीही पहिल्या दिवसापासून ही सवय लावा, कोणी हसत नाही, उलट चांगले सुपरवायझर खूश होतात.

हात आणि डोळे घरीच तपासा

सुईत दोरा ओवता येतो का, पहिल्या दुसऱ्या प्रयत्नात? मंगळसूत्राची पोत ओवून बघा, ते बारीक काळे मणी, अर्धा तास सलग. मणी पडतात का, मान दुखते का, मुख्य म्हणजे कंटाळा येतो का. ज्यांना अर्ध्या तासाने उलट शांत वाटतं त्यांचं हे काम आहे. मुलांनी जुना बंद मोबाईल किंवा रिमोट उघडून सगळे स्क्रू काढायचे आणि परत जिथल्या तिथे बसवायचे.

डोळ्यांची तपासणी कामाला लागायच्या आधीच करून घ्या, आणि चष्म्याच्या नंबरासोबत रंगांची टेस्टही मागा, ती ठिपक्यांच्या वर्तुळातली. लाल-हिरवा गोंधळणाऱ्या मुलांना वायरच्या कामात फार त्रास होतो आणि बऱ्याच जणांना ते आयुष्यभर माहीतच नसतं. रंगांची अडचण निघाली तरी सगळे रस्ते बंद होत नाहीत, फक्त वायरिंग आणि रेझिस्टर (रंगीत पट्ट्यांचे बारीक इलेक्ट्रॉनिक पार्ट) सोडून स्क्रू, लॉक, स्विच अशा कामाकडे जायचं.

कुठलं काम घ्यायचं, कुठलं टाळायचं

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात, कारण काही कामं दिसायला हाताची असतात आणि आत सगळे आकडेच असतात.

वायर हार्नेस हे माझ्या मते आकडे नको असणाऱ्यांसाठी सगळ्यात चांगलं. गाडीत किंवा मशीनमध्ये वायरींचा जो जुडगा असतो तो. समोर एक मोठी फळी असते, त्यावर हार्नेसचं चित्र खऱ्या मापात काढलेलं, खुंट्या ठोकलेल्या. वायर आधीच मापात कापून आलेली असते, पिवळी इथून तिथे, पिवळी-काळी पट्टीची तिथून इथे, चित्रावरून वायर फिरवत न्यायची. वायरच्या टोकाला टर्मिनल, म्हणजे धातूची छोटी टोपी, दाबून लावायची त्याला क्रिंपिंग म्हणतात, त्यात दोन जोड्या पंख असतात, पुढची जोडी उघड्या तांब्याला धरते आणि मागची वायरच्या आवरणाला. पुढच्या पंखाखाली आवरण गेलं तर आत कनेक्शनच होत नाही, बाहेरून मात्र छान दिसतं. म्हणून प्रत्येक टर्मिनल डोळ्याने बघायचं आणि हलकं ओढून बघायचं. यात मोजमाप जवळपास नाही, रंग आणि नजर आहे.

दुसरं सर्किट बोर्डवर हाताने पार्ट लावायचं काम, मॅन्युअल इन्सर्शन. रेझिस्टरवर रंगांचे पट्टे असतात, तपकिरी-काळा-लाल म्हणजे एक हजार ओहम वगैरे, पण लाईनवर तुम्हाला ते ओहम काढायचे नसतात. समोर नमुन्याचा बोर्ड असतो, त्याच्याशी पट्टे जुळवायचे, रांगोळीत रंग जुळवतो तसे. छोट्या कपॅसिटरवर १०४ लिहिलेलं असतं, त्याची किंमत काय हे इंजिनिअरला लागतं, तुम्ही १०४ ला एक चित्र समजा, चित्र जुळलं की लावा. फक्त पिवळ्या दिव्यात तपकिरी आणि लाल एकसारखे दिसतात, पांढरा दिवा मागून घ्या.

तिसरं फायनल असेंब्ली, डबा बंद करायचं काम, मीटर, स्विच, चार्जर, पंखे, कुलपं. स्क्रू, क्लिप, स्टिकर, पॅकिंग. चौथं मोबाईलचे डिस्प्ले-बॅटरी बदलणं. बोर्ड रिपेअरला मल्टीमीटरची रीडिंग घ्यावी लागतात, पण पार्ट बदलायला नाही. तिथे एकच मोठी खबरदारी घ्यायची, फोनमधले स्क्रू दिसायला सारखे पण लांबीला वेगळे असतात, लांब स्क्रू छोट्याच्या जागी पिळला तर तो खालच्या बोर्डात घुसतो आणि फोन गेला. म्हणून कागदावर फोनचा आकार काढायचा आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच कागदावर ठेवायचा.

दातांच्या लॅबमधलं कामही चांगलं, कॅपचा आकार घडवणं आणि रंगाच्या नमुन्याशी दात जुळवणं. शिकायला वेळ लागतो पण सगळा खेळ नजरेचा आहे.

आता टाळायचं काय ते. चष्म्याच्या काचा बसवणं ऐकायला सोपं वाटतं, पण त्यात दोन डोळ्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये, ॲक्सिस अंशांमध्ये, प्लस-मायनस, सगळं दिवसभर आकड्यांवर चालतं आणि एक चुकला की गिऱ्हाईकाचं डोकं दुखतं. सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं कापायचं मशीन), टूल रूम (साचे-हत्यारं बनवायची खोली), मायक्रोमीटर घेऊन क्वालिटी चेकिंग, स्टोअर, डिस्पॅच हेही नको. क्यूसीला, म्हणजे क्वालिटी चेकिंगलाच, "गो नो-गो" गेजचं काम असेल तर चालेल, एक टोक गेलं पाहिजे आणि दुसरं नाही गेलं पाहिजे, बस, आकडा वाचायचाच नाही. सोन्याच्या दागिन्यात खडे बसवायचं काम हाताचं आहे, पण तिथे माल वजनावर देतात आणि वजनावर परत घेतात, त्या वजनाच्या चिठ्ठीवर सही तुमची असते. जायचं असेल तर पहिले काही महिने चिठ्ठी कोणाकडून तरी वाचून घेतल्याशिवाय सही करू नका.

मुंबईत हे काम कुठे आहे

अंधेरी पूर्वेचं सीप्झ १९७३ ला इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठीच सुरू झालं, आज तिथे दागिन्यांचे युनिट भरपूर आहेत. आत जायला पास लागतो, नुसतं गेटवर जाऊन उभं राहून उपयोग नाही, आतल्या कोणाची ओळख किंवा कंपनीचा कॉल पाहिजे. बाहेर मरोळ आणि एमआयडीसीच्या गाळ्यांमध्ये मात्र दारावर "हेल्पर पाहिजे, असेंब्ली ऑपरेटर पाहिजे" अशा पाट्या लागतात, सकाळी फिरून विचारता येतं. २०२४ पासून मेट्रो तीनचं सीप्झ स्टेशन झाल्यामुळे बीकेसी-मरोळ बाजूने येणाऱ्यांचे हाल कमी झालेत.

हार्नेस, पॅनल, स्विचगिअर असली कामं ठाणे-बेलापूर पट्ट्यात बघा, रबाळे, महापे, तुर्भे. ठाण्याहून ट्रान्स हार्बर पकडायची. ठाण्यात वागळे इस्टेट, पश्चिमेला वसईच्या इंडस्ट्रियल इस्टेट, आणि कल्याण बाजूच्यांना डोंबिवली, अंबरनाथ एमआयडीसी. माझं मत असं की सुरुवातीला घरापासून तासाभराच्या आतलं काम घ्या, पगार थोडा कमी असला तरी. दोन तास लोकलला लटकून आलेला हात स्थिर राहत नाही, हे मी रोज बघते, पहिल्या तासाचं रिजेक्शन लांबून येणाऱ्यांचंच जास्त असतं.

शिकायचं कसं

वेळ आणि घरचा पाठिंबा असेल तर आयटीआय करा. इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड आहे, वायरमन आठवी पासवरही मिळतो. मुलुंड, कुर्ला अशा ठिकाणी सरकारी आयटीआय आहेत, प्रवेश व्यवसाय शिक्षण संचालनालयाच्या ऑनलाईन फॉर्मनेच होतो. आयटीआयमध्ये थोडं गणित आणि ड्रॉइंग येतं हे लपवत नाही, पण ते हत्यारांना धरून असतं, शाळेतल्या बीजगणितासारखं हवेत नसतं, त्यामुळे शाळेत न सुटलेली बरीच मुलं तिथे सुटतात. दुसरा रस्ता अप्रेंटिसशिपचा, सरकारी पोर्टलवर नाव नोंदवायचं, कंपनीत शिकायचं आणि स्टायपेंड घ्यायचा.

यातलं काहीच नसेल तर लॅमिंग्टन रोडला जा, ग्रँट रोड स्टेशनपासून चालत. पंचवीस वॅटचा सोल्डरिंग आयर्न, सोल्डर वायर (वितळून सांधा जोडणारी तार), एक छिद्रांचा बोर्ड, आणि शंभर-दोनशे स्वस्त रेझिस्टर घ्या. रोज तासभर, पंधरा दिवस बोर्डवर रेझिस्टर सोल्डर करा. सगळं मिळून काही शे रुपयांचा खर्च आहे, आणि ट्रायलला, म्हणजे कामावर घ्यायच्या आधी हात बघतात तेव्हा, त्याचा जेवढा फरक पडतो तेवढा तीन महिन्यांच्या क्लासच्या कागदानेही पडत नाही.

सोल्डर असं करायचं. आयर्नचं टोक पार्टच्या पायाला आणि खालच्या तांब्याच्या गोलाला, दोघांना एकाच वेळी टेकवायचं. मनात एक-दोन म्हणायचं. मग सोल्डर वायर दुसऱ्या बाजूने पायाला लावायची, आयर्नच्या टोकाला नाही. पाय तापलेला असेल तर सोल्डर आपोआप वितळून सगळीकडून वर चढतं. आधी वायर उचलायची, मग आयर्न, आणि गार होईपर्यंत हलवायचं नाही. शिशाच्या सोल्डरचा चांगला सांधा चकचकीत आणि छोट्या डोंगरासारखा दिसतो, गोळ्यासारखा फुगला किंवा धुरकट दिसला तर बिघडला. शिसं नसलेलं सोल्डर असेल तर ते मुळातच जरा मंद दिसतं, त्याला घाबरू नका. हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावायचा नाही, आणि धूर तोंडावर येईल असं वाकायचं नाही, पंखा बाजूने लावा.

ट्रायलच्या दिवशी

बहुतेक ठिकाणी लेखी परीक्षा नसते. चिमट्याने बारीक स्क्रू उचलून छिद्रात ठेवायला सांगतात, दोन बोर्ड देऊन फरक शोधायला सांगतात, कधी नुसतं बसवून वीस-तीस नग करायला लावतात. घाई करू नका. ट्रायल घेणारा वेगाकडे नंतर बघतो, आधी बघतो की पार्ट खाली पडल्यावर तुम्ही काय करता. खाली पडलेला पार्ट परत ट्रेमध्ये टाकायचा नाही, बाजूला ठेवायचा आणि सांगायचं. एवढ्या एका गोष्टीवर मी मुलींना पास झालेलं पाहिलंय.

गणिताचं विचारलं तर खोटं बोलू नका. "हिशोबात मी हळू आहे, पण आकडा बघून जुळवते आणि विचारून लिहिते" असं सरळ सांगा. मग ते तुम्हाला रजिस्टरवर बसवणार नाहीत, लाईनवर बसवतील, आणि आपल्याला तेच हवंय.

पहिला महिना

बोर्डच्या कामात पहिल्यांदा मनगटाचा पट्टा मिळतो, त्याची वायर टेबलाच्या मॅटला आणि अर्थिंगला जोडलेली. हा पट्टा कशाला ते समजून घ्या नाहीतर तुम्ही तो सैल घालाल. अंगावर साठलेली वीज आपल्याला जाणवते ती साधारण तीन हजार व्होल्टच्या वर, आणि काही नाजूक चिप शंभर व्होल्टच्या आतसुद्धा मरतात. म्हणजे झटका लागला नाही तरी पार्ट गेलेला असू शकतो, आणि तेव्हा कळतही नाही, गिऱ्हाईकाकडे जाऊन बंद पडतो. पट्टा कातडीला घट्ट लागलेला पाहिजे, बाहीवरून नको. सुती कपडे घाला, नायलॉनची ओढणी नको. पावसाळ्यात हवा दमट असते तेव्हा हा त्रास कमी, जानेवारीत आणि एसीच्या कोरड्या हॉलमध्ये जास्त.

दिशा असलेले पार्ट वेगळे लक्षात ठेवा. एलईडीचा लांब पाय प्लस. गोल कपॅसिटरवर पट्टी ज्या बाजूला ती मायनस. डायोडचं कडं बोर्डवरच्या रेषेशी जुळवायचं. आयसीची, म्हणजे चिपची, खाच बोर्डवरच्या खाचेशी. हे चार चुकले नाहीत तर निम्म्या चुका आपोआप टळतात.

स्क्रू मारताना, खास करून प्लॅस्टिकमध्ये, आधी स्क्रू उलटा फिरवा, अलगद. एका जागी तो टक् करून किंचित खाली बसतो, तिथे आधीचे आटे असतात. तिथून सुलटा फिरवायचा. सरळ दाबून फिरवला तर नवीन आटे पडतात आणि दोन-तीनदा उघडल्यावर भोकच ढिलं होतं. इलेक्ट्रिक ड्रायव्हर किती ताकदीवर थांबायचा तो आकडा लाईन लीडर सेट करून देतो, त्याला हात लावायचा नाही, कट् झालं की सोडायचं, वर अजून एक पीळ द्यायचा नाही. चार स्क्रू असतील तर समोरासमोरचे कोपरे घ्यायचे, म्हणजे झाकण वाकडं बसत नाही.

आता मोजण्याचं. मोजू नका, मोजायची गरजच पडणार नाही अशी मांडणी करा. एका नगाला सहा स्क्रू लागत असतील तर सहा खळग्यांचा ट्रे घ्या, बर्फाचा चालतो, पापडाच्या डब्याचं झाकण छिद्रं पाडून चालतं. ट्रे भरायचा, नग करायचा. शेवटी एखाद्या खळग्यात स्क्रू उरला तर कुठेतरी राहिलाय, नग पुढे सरकवायचा नाही. दिवसाचे नग लिहायला पाच-पाच रेघांचे जुडगे मारा, चार उभ्या आणि पाचवी आडवी. शिफ्ट संपल्यावर जुडगे शेजारणीसोबत बसून मोजा, दोघींचे एकत्र. मध्येच कोणी बोलवलं तर हातातला नग पूर्ण करून मगच उठा, ते जमत नसेल तर त्यावर लाल चिठ्ठी ठेवून उठा.

डोळ्यांना दर अर्ध्या तासाने लांबचं काहीतरी दाखवा, खिडकी, भिंत, काहीही. खुर्चीची उंची अशी की कोपर टेबलाला टेकेल. हात टेकलेला असेल तरच बोटं स्थिर राहतात, हवेत धरलेला हात दुपारनंतर थरथरतोच.

एक हिशोब मात्र स्वतः ठेवा

पगाराचा. तो दुसऱ्यावर सोडू नका. एका ठिकाणी कॉन्ट्रॅक्टरने आमच्या सात-आठ जणींच्या ओटीचे (ओव्हरटाईमचे) तास चार महिने कमी धरले होते, आणि कोणाकडेच लिहिलेलं नव्हतं म्हणून भांडताही आलं नाही. तेव्हापासून मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाचा हिशोब लिहितो तसं, प्रत्येक दिवशी हजेरीची एक रेघ आणि ओटीच्या प्रत्येक तासाला एक टिंब मारते. महिन्याच्या शेवटी रेघा आणि टिंबं मोजायची, पगाराच्या चिठ्ठीशी जुळवायची. ओटीचा दर साध्या तासाच्या दुप्पट असतो. चिठ्ठीत पीएफचे बारा टक्के बेसिक आणि महागाई भत्त्यावर, ईएसआयसीचे (कामगारांच्या दवाखान्याच्या विम्याचे) पाऊण टक्का कापलेले दिसले पाहिजेत, ईएसआयसी महिना एकवीस हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांना लागू आहे. टक्के काढता येत नसतील तर मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर घरातल्या कोणाकडून एकदा करून घ्या आणि त्याचा फोटो ठेवा, पुढच्या महिन्यात फक्त जुळवून बघायचं. पीएफचा यूएएन नंबर आणि ईएसआयसीचा नंबर पहिल्या महिन्यातच मागून घ्या, पैसे कापतात पण नंबर देत नाहीत असं असेल तर लगेच विचारा.

निघायच्या आधी आधार, बँक पासबुक, दहावीचं किंवा असेल ते मार्कशीट, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स आणि चार फोटो एका पाकिटात घाला. नखं कापा, बांगड्या-अंगठी घरी ठेवा, चष्मा असेल तर नवीन नंबराचा. गणितात कितीही मार्क असले तरी मार्कशीट दाखवा. आणि सोमवारी जाऊ नका, सोमवारी आठवड्याचं प्लॅनिंग असतं आणि कोणाला बोलायला वेळ नसतो, मंगळवारी साडेनऊ-दहाला जा, लाईन लागलेली असते आणि सुपरवायझर गेटपर्यंत येऊन तुमच्याशी दोन शब्द बोलतो.